सांबार

मार्गशीर्ष लागला की परतवाड्याहून मोठीआई येते.
दोन पिशव्या, गुडघ्यांचं तेल,
आणि खोक्यात संत्री, खालची चार दबलेली.
तिकडं मेळघाटावरून उतरणारं वारं
तिच्या सांध्यांना नावानिशी ओळखतं.
भांडुपात वारं कुणालाच ओळखत नाही,
म्हणून ती इथं, होळीपर्यंत.

पहिल्याच वर्षी डॉक्टर पडवळांना म्हणाली,
"रातच्यानं लय हिव लागून राह्यलं."
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"हिव? ताप किती दिवस?"
आणि मलेरियाची तपासणी लिहून दिली.
रक्त स्वच्छ निघालं.
"निघनच. मी थंडीचं सांगत होतो."
कंपाउंडर हसला,
बाई असून 'होतो' म्हणते म्हणून.

जिन्यात मी विचारलं, वाईट वाटलं का.
"काऊन? माह्या आईपासून आम्ही बाया
जातोच अन् येतोच.
तुम्ही म्हणा जाते-येते.
तुमचं गाव मोठं आहे, मावते त्यात."

नाक्यावर चांगुणा बसते, खाडीपलीकडची,
मुळा, माठ, अंबाडी मांडून.
"सांबार दे वं, पाच रुपयाचा."
चांगुणानं समोरच्या उडप्याकडं बोट केलं:
"त्यो तथं. भांडा आनलास का गो आये?"
दोघी जरा वेळ एकमेकींकडं पाहत राहिल्या.
मग मोठीआईनं जुडी उचलून नाकाशी धरली.
"हा सांबार."
"ही कोथमीर."
"वास तं तोच आहे."
"मंग घे."
पाच की दहा, हे भांडण मात्र
दोघींनी एकाच भाषेत केलं.

माघात एका रविवारी पंपिंग स्टेशनच्या रस्त्यानं
तिला खाडीवर नेलं. ओहोटी होती.
चिखलभर रोहित पक्षी,
मान खाली, चोच उलटी,
काहीतरी हरवल्यासारखे शोधत.
"हे कोठले?"
कच्छचे, मी म्हणाले. काही म्हणे सांभरहून येतात,
राजस्थानात मिठाचं सरोवर आहे.
"सांबारातून?"
आणि ती इतकी हसली
की दुर्बीण लावलेला पोरगा मागं वळला.

मग नाकाला पदर लावून गप्प उभी.
बऱ्याच वेळानं:
"कच्छातला अन् सांबारातला,
यायचं आपसात जमते का वं?
मले तं एकच कालवा ऐकू येते."
मला माहीत नव्हतं.
पुस्तकात बघते म्हणाले. बघितलं नाही.

होळी झाली.
इथं पाठीला सदरे चिकटू लागले,
शेजारचे सावंत महाबळेश्वरची खोली शोधू लागले,
आणि ही निघाली उलटी,
तापलेल्या तव्याकडं, खुशीत.
"ऊन आपलं. हिव परकं."
अमरावतीच्या गाडीत खिडकीशी बसली,
आणि गाडी हलेपर्यंत मला सांगत राहिली
की येतो, येतो.

मागं राहिली तेलाची अर्धी बाटली.
आणि धाकट्याच्या वहीत
'मी अभ्यास करून राहिलो' या वाक्याभोवती
बाईंनी काढलेला लाल गोल.
मी सही केली. खोडायला लावलं नाही.

चैत्रात फोन आला.
"चव्वेचाळीस आहे. बोटं कशी मस्त वळून राह्यली."
मग थोडं थांबून:
"काल बाजारात तोंडातून निंघालं, कोथमीर.
त्या तुह्या चांगुणावानी.
भाजीवाली पोरगी नवी, अचलपूरची.
तिनं मले पाह्यलं वरपासून खालपर्यंत.
म्हणे, कोठल्या वं बाई तुम्ही?"

सत्तर वर्षं ती त्या बाजारात जाते.
"मग? काय सांगितलं?"
पंख्याचा आवाज येत राहिला, तिकडचा की इकडचा.
"सांगतलं,
होळीपासून इथलीच आहो."