पास

अम्माला इंग्रजीतला एकच शब्द पक्का ठाऊक होता.
तोही शाळेतला नव्हे, विडीच्या ब्रँचमधला.
अशोक चौकामागच्या पत्र्याच्या शेडात
म्याकल चेकर सुपात हात घालून मूठभर विड्या उचलायचा,
एखादीचं तोंड नखानं उघडून बघायचा
आणि मान वर न करता म्हणायचा : पास.
किंवा काहीच म्हणायचा नाही,
आणि चाळीस-पन्नास विड्या छाटीच्या टोपलीत पडायच्या.
त्यांचे पैसे नाहीत.
कमी पडलेलं पानही आपणच विकत आणायचं.

म्हणून मी दहावीला बसले तेव्हा
तिनं मार्क विचारले नाहीत. छाट किती, एवढंच विचारलं.
गणितात पस्तीस, म्हटल्यावर म्हणाली,
दोरा सैल पडला वाटतं. पण पास की नाही?
पास, मी म्हटलं.
मग गल्लीभर पेढे वाटले तिनं,
तेलुगूत, मराठीत, थोडे कन्नडात,
आणि समोरच्या शमीम खालांना मोडक्या हिंदीत.

तोच शब्द धरून मी पुढे एम.ए. झाले.
आता नववी ब ला शिकवते,
की याच्याशेजारी एक बारका शब्द आणून बसवला
तर हा घर बदलतो.
पास आउट म्हणजे पदवी मिळाली,
पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडला.
मागच्या बाकावरून कुणीतरी टाइमपास म्हणतं,
वर्ग हसतो, मीही हसते.
परीक्षेत दोन मार्कांना येतं हे.

नान्नाकडं हा शब्द खिशात असायचा,
मिलचा गेट पास, प्लॅस्टिकच्या पाकिटात.
गेटला कुलूप लागून वीस वर्षं झाली
तरी धुवायला शर्ट टाकताना तो काढून ठेवायचा.
नंतर टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी,
नंतर खोकला,
नंतर सिव्हिलचा तिसरा मजला.

डॉक्टर कोवळा होता, मिसरूड फुटलेलं.
पहाटे चारला बाहेर आला.
मराठीत कसं सांगावं ते त्याला सुचलं नसावं.
माझ्याकडं बघून, बाई शिकलेल्या दिसतात म्हणून,
हळूच म्हणाला, ही पास्ड अवे, मॅडम.

अम्मा बाकावरून उठली.
त्या अख्ख्या वाक्यातला ओळखीचा तेवढाच शब्द
तिच्यापर्यंत पोचला होता.
तिचा तेव्हाचा चेहरा
मी अजून कुणाला सांगितलेला नाही.
“पास अन्नाडा?” तिनं विचारलं.
आणि पदरानं तोंड पुसून, डबा उचलून,
आत जायला निघाली.

दोन मार्कांचा प्रश्न.
मला उत्तर येत होतं.

रात्री शमीम खाला आल्या.
अम्माचा हात मांडीवर घेऊन म्हणाल्या,
रो मत, मैं हूँ ना तेरे पास.
अम्मानं दचकून माझ्याकडं बघितलं.
हा तो नव्हे अम्मा, मी म्हटलं,
हा दुसरा. हा जवळचा.

दिवस झाले. सोमवारी ती ब्रँचला गेली,
मी सूप धरायला सोबत.
बोटं थरथरत वळलेल्या विड्या,
कुणालाही कळलं असतं.
म्याकलनं सुपात हात घातलाच नाही.
वहीत आकडा लिहिला आणि पहिल्यांदाच मान वर करून म्हणाला,
“आज सगळं पास, वदिने.”

अम्मा थोडा वेळ उभी राहिली.
मग खाली फरशीवर बसली
आणि एकेक विडी दोन बोटांत फिरवून
सैल त्या, फाटक्या तोंडाच्या त्या,
स्वतःच छाटीच्या टोपलीत टाकू लागली.
मागं बायकांची रांग थेट नळापर्यंत गेली होती.
उन्हं वर आली होती.
लवकर कर, असं कुणी म्हटलं नाही.