मुंग्या

केमी गावातली बँकेची शाखा बंद होऊन
चार वर्षं झाली.
आता तिथे लाल कंदील आहेत
आणि तिजोरीच्या खोलीत तांदळाची पोती.
काउंटरची जाड काच झुओबाईंनी तशीच ठेवली आहे.
तिच्यामागून त्या बिल देतात,
बिनव्याजी, असं यार्क्को म्हणाला
आणि आपणच हसला.

बाबांचा वाढदिवस. एकोणऐंशी.
बाहेर उणे बावीस,
आत एका खुंटीवर पाच कोट,
बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं तळं.
आमच्या घरात तिखट म्हणजे मोहरी,
तीही नाताळात, ताटाच्या कडेला, नखाएवढी.

मेनूवर मिरच्यांची चित्रं होती : एक, दोन, तीन.
कैसूने तीनवर बोट ठेवलं.
ती पंधरा वर्षांची आहे, सगळीकडे तीनवरच ठेवते.
मी हळूच विचारलं, बाबांसाठी काही सौम्य
आणि बाबांनी मान हलवली.
गेल्या सव्वा वर्षातला
त्यांचा सगळ्यात स्पष्ट नकार.

त्या ऑक्टोबरपासून डावा गाल त्यांचा नाही.
कॉफी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळते, त्यांना कळत नाही.
आम्ही पुसतो. पटकन, खिडकीबाहेर बघत,
हवापाण्याचं काहीतरी बोलत,
पुसलंच नाही असं दाखवत.
शब्द चिखलातल्या बुटांसारखे रुततात,
म्हणून कागदाच्या गिरणीत
भोंग्यावर आवाज चढवणारा ओइवा फोरमन
आता ब्रसुद्धा काढत नाही.

मग ते भांडं आलं.
लाल तेलात थरथरणारा टोफू,
वर तिरफळाच्या जातीचे काळपट, फुटके दाणे.
पहिला घास : काही नाही.
दुसरा : यार्क्कोचे कान लाल.
मिरची झोंबली ती घशाला, झोंबून गेली.
दाण्यांना मात्र घाई नव्हती.

ओठांना मुंग्या आल्या.
जिथे मे उजाडेपर्यंत
जमिनीखाली एक मुंगी जागी नसते
तिथे, भर फेब्रुवारीत,
माझ्या ओठांवरून रांग निघाली
हिरड्यांत, जिभेखाली, गालाच्या आत
थेट बिळापर्यंत.

आई, माजं तोंद कुथेय? वेती म्हणाला.
कैसू पाणी मागायला गेली, फाणी निघालं.
जिभेला हाड नसतं हे ठाऊक होतं,
त्या दिवशी जीभच नव्हती.
यार्क्कोच्या हनुवटीवरून बिअर ओघळत होती
आणि त्याला पत्ता नव्हता.

बाबांनी चमचा खाली ठेवला.
एकेकाकडे पाहिलं.
मग रुमाल घेऊन हात लांब केला
आणि यार्क्कोची हनुवटी पुसली.
पटकन.
खिडकीबाहेर बघत.

म्हणाले, थंडी फार आहे यंदा.

मी ताटातून डोकं वर काढलं नाही.

हे असं, ते म्हणाले. रोज.
आणि मग बोलतच राहिले, रुतत, पाय उपसत.
टेबलावर त्यांचेच उच्चार सगळ्यात बरे होते,
सराव होता.
म्हणाले, आंघोळीचं पाणी गार असतं, मला सांगता येतं.
म्हणाले, बोट विकायची नाही.
बोटीचे फोटो आम्ही एका गिऱ्हाइकाला
आधीच दाखवले होते.
यार्क्कोने माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ मोजत होते.

झुओबाई काचेमागून आल्या.
वीस मिनिटं, म्हणाल्या, मग जातं.
बाबा हसले, अर्ध्या चेहऱ्याने,
पण ते अर्धं भरलेलं होतं.

पुलाजवळ माझा वरचा ओठ परत आला.
मी कुणाला सांगितलं नाही.
माझ्या गेल्या! वेती मागून ओरडला,
आजोबा, तुमच्या?

रांग मोठी आहे, बाबा म्हणाले.

त्यांच्या मांडीवर उरलेल्या टोफूचा डबा,
दोन्ही हातांनी धरलेला.
झाकणाच्या कोपऱ्यातून लाल तेल ओघळत होतं.
कुणी पुसलं नाही.