एक शून्य जास्त

बिल होतं पाचशे एकोणनव्वद.
मी भरले पाच हजार आठशे नव्वद.

चष्मा मशीनवर राहिलेला, पिकोच्या दोऱ्यात अडकून.
बिल थकलं म्हणून नेट बंद, भाग्यश्रीचा फॉर्म अर्ध्यात,
रात्री बाराला साइट मिटणार,
आणि पोरगी मागून, आई लवकर, आई लवकर.
अंगठा एकदा जास्त टेकला.
हिरवी खूण आली.
खोकल्याएवढासुद्धा आवाज न करता
पैसे गेले.

मेसेज वाचला सकाळी, चहा गाळताना.
गाळणी तशीच हातात.
फॉल-पिकोचे ऐंशी रुपये धरले
तर जास्तीचे गेले ते
सहासष्ट साड्या, आणि सदुसष्टाव्वीचा पदर.
ह्यांना सांगितलं नाही.
ह्यांनी भावाला दिलेले वीस हजार
मीही कधी काढत नाही.

देगलूर रोडला, टायरच्या दुकानावर, जिना चढून ऑफिस.
अख्ख्या उदगीरच्या वायरी त्या एका खिडकीतून आत जातात.
आत अझीम. कानावर पेन. भला पोरगा.
"काकू, टेन्शन कामून घेता?
पैसे कुठं पळून चाललेत का?
पुढच्या नऊ बिलांत ॲडजस्ट करून टाकतो."

ॲडजस्ट.
हा शब्द माझ्या ओळखीचा.
एस्टीत तिघींच्या सीटवर चौथी बसले तेव्हाचा,
आधी दिराचं लग्न, मग तुझं मशीन, तेव्हाचा.
दर वेळी पुढच्या कशात तरी
मला वळतं करून घेतलेलं.

"नाही बाळा," म्हटलं, "पैसेच दे. खात्यात टाक."
माझ्याच तोंडून आलं
आणि मीच दचकले.

सरांना विचारावं लागंल.
सर लातूरला.
पुढच्या मंगळवारी सर हैदराबादला.
मग म्हणे अर्ज लिहा. लिहिला, वहीचं पान फाडून:
महोदय, माझ्याकडून एक शून्य जास्त पडले आहे.
तरी शून्य ठेवून घ्यावे
व बाकीचे परत करावे. आपली, शिवलीला हाळे.
अझीम हसला, फोटो काढून कुणाला तरी पाठवला.
मी पोच मागितली.
शिक्का नव्हता. त्यानं सही केली, तारीख घातली,
आणि खाली, न मागता, स्वतःचा नंबर.

चौथ्या खेपेला स्टूल पुसून दिलं.
पाचव्या खेपेला टेबलाखालून पिशवी काढली,
बहिणीचा शरारा, घेर उसवलेला.
"जे होईल ते घ्या काकू."
मी शंभर घेतले.
ते काम वेगळं, हे वेगळं.

एकेचाळिसाव्या दिवशी, सिलेंडरवाला दारात असताना
फोन वाजला: जमा, पाच हजार तीनशे एक.
मेसेजवर आता माझा भरवसा नव्हता.
बँकेत गेले. पासबुकाच्या मशीनपुढं रांग,
मशीन बंद, मग चालू, मग माझ्यापाशी येऊन पुन्हा बंद.
शेवटी ओळ उमटली. शाई फिकी,
शेवटचा एक अर्धाच.
पण होता.
खिडकीपाशी नेऊन, उजेडात धरून पाहिला.

रात्री हे म्हणाले, नेटचं बिल भरलंस का गं?
म्हटलं, भरते.
चष्मा घातला.
पाच. आठ. नऊ.
सुईखाली बोट येऊ नये म्हणून थांबते
तशी प्रत्येक आकड्यापाशी थांबले.

भाग्यश्रीच्या फॉर्मचं अजून काही आलं नाही.
रोज उठून बघते ती.
प्रक्रियेत, एवढंच लिहिलेलं असतं.
मी तिला म्हटलं,
पोच घेतली होतीस ना?