साडेपंधरा अंश

फेब्रुवारी बावन्न. पणजीच्या तारखात्यात
रात्रपाळीला मी आणि फुर्तादु,
आणि कागदी पट्टीवरून टिकटिकत येणारी लिस्बन.

तिथे चौदा देश बसलेत एका टेबलाशी.
युरोपच्या कुंपणाचा खर्च कुणी किती उचलायचा,
याचा घोळ चाललाय.
कुणी म्हणतो डोक्यांवर वाटा, कुणी म्हणतो उत्पन्नावर.
कुणी म्हणतो, विमानतळ ज्याच्या मातीत
मजुरीही त्याच्याच घरात जाणार,
मग सोसू देत त्याला चार टक्के जास्त.
कुणी कालच्या लढाईतली जखम उघडून दाखवतो
आणि आपला आकडा हळूच खाली ओढतो.

फुर्तादु वाचतो, मी टंकतो.
एका शब्दापाशी दोघेही अडतो: इन्फ्राएश्त्रुतुरा.
कोशात नाही. साहेब म्हणाला,
जसाच्या तसा ठेव, अजून ओला आहे तो शब्द.

मला मात्र तो ओळखीचा वाटला.
चोडणला त्याला मानस म्हणतात. मनाशी त्याचा संबंध नाही.
खाजनाच्या बांधातली लाकडी दारं ती,
भरतीला आपसूक मिटणारी, ओहोटीला उघडणारी,
पानात भात पडताना
जी कुणाला आठवत नाहीत.

त्याच रविवारी आमच्या कुमुनिदादीची बैठक.
खेकड्यांनी बांध पोखरला, मानशीची दोन दारं कुजली,
खर्च साडेतीनशे रुपये.
जुझे मारिया म्हणाला, माझं शेत वर, टेकडीला लागून,
पाणी तिथवर येईस्तोवर मीच नसेन.
बाबलो सिनाय म्हणाला, जोणाप्रमाणे वाटे घाला, रीत आहे.
तिसऱ्यानं बापाची गोष्ट काढली:
मागच्या खिंडाराला त्यानं एकट्यानं भरले होते म्हणे.
पावती? पावती वाळवीनं खाल्ली.
मला लिस्बन आठवून हसू येत होतं,
तेवढ्यात माझी पाळी आली
आणि मी म्हणालो, आमचं शेत कुळाकडे, कुळाला विचारा.

पुतू गावडा पायरीखाली बसलेला.
त्याला जोण नाही, म्हणून मत नाही.
बांधाचा चिखल आजवर त्याच्याच डोक्यावरून गेला.
त्याला एवढंच विचारलं:
माणसं किती आणशील?

सोमवारी तिकडचं जमलं.
वर्षअखेर पन्नास डिव्हिजनी. टक्क्यांचं पुढे बघू.
फुर्तादु खूश: आता आपल्याला कोण हात लावतो!
मी मूळ करार काढला. सहावं कलम.
कर्कवृत्ताच्या उत्तरेला, असं लिहिलेलं.
भिंतीवरच्या नकाशावर त्या रेघेशी बोट टेकलं
आणि खाली आणत गेलो,
सुरत, मुंबई, रत्नागिरी, अजून खाली,
साडेपंधरा अंश.
फुर्तादु चष्मा पुसत राहिला.
मग म्हणाला, नकाशा जुना असेल.

रात्री अमावास्येचं पाणी चढलं.
पहाटेच्या गाझोलीननं उतरलो तर
बांधाला माणूसभर रुंदीचं भगदाड,
आणि त्यात छातीइतक्या पाण्यात पुतू, त्याची शेवंतें,
दोन पोरगे, पेंढा, चिखल, माडाचे ओंडके.
वरच्या बाजूला जुझे मारिया, पायजमा वर खोचून,
सगळ्यांना सूचना देत.
पाणी तोवर त्याच्या शेताच्या मेरेला लागलेलं.
भाटकारा, हांगा धर, पुतू ओरडला.
कुणाला, ते कळलं नाही. ओंडक्याचं एक टोक
मी धरलं. बूट काढायचे राहिले.

महिनाअखेर पगारातून बारा तांगे कापलेले,
रकान्यात बारीक अक्षरात: संरक्षण.
कुठल्या धावपट्टीला, कुठल्या दाराला लागले, कुणास ठाऊक.
मी सही केली.

शिगमा उलटला तरी पुतूची मजुरी वहीतच होती.
इश्क्रिव्हांवला विचारलं, तर तो म्हणाला,
थांब की जरा, वाटे कुठे ठरलेत अजून.