एक ते पाच

लातूरच्या एमआयडीसीत, डाळ मिलच्या मागच्या शेडमध्ये
मी पहिल्यांदा विचारलं होतं :
कामावर असताना तुम्हाला कितपत समाधान वाटतं?
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे भरपूर.

पद्मिनबाई सुरवसेंची बोटं तुरीतले खडे वेचतच राहिली.
‘तुमाला जेवढं पायजे तेवढं लिवा की बाई.
मालक बघायलाय.’
मी तीन लिहिलं.
मालक बघत असला की सगळेच तीन असतात,
हे कळायला मला पीएच.डी. करावी लागली.

‘ताण’ हा शब्द मी पुण्याहून नेला होता,
घडी न मोडलेला.
रहिमतबी म्हणाली, ताण बाजेला असतो.
आणि माणसाला?
‘माणूस कदरतंय.’
प्रश्नावलीत कदरण्याला रकाना नव्हता.

पुढं साखर कारखाने केले, बँका, एसटीचा डेपो,
एक कॉल सेंटर, जिथल्या पोरांनी पटापट पाचावर खुणा केल्या
आणि दिवाळीआधी निम्मी सोडून गेली.
संचालकांना मी निळे-पिवळे खांब दाखवायची.
ते म्हणायचे, छान आहे मॅडम,
मग एखादं योगशिबिर घेऊन टाकू?
घ्यायचे.

त्याच शेडमध्ये एकदा, कागद उलटा ठेवून,
मी विचारलं होतं, नेमकं काय पाहिजे तुम्हाला?
पद्मिनबाईंनी भिंतीकडं बघितलं.
‘खिळा.’
पिशवी भुईवर. भाकरीत भुसा. कधी उंदीर.

अकरा बायका, अकरा खिळे.
सुताराचे पैसे मी दिले, मालक हसला.
त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी चार म्हणालं.
जर्नलनं निबंध परत पाठवला :
नमुना लहान आहे,
आणि खिळ्याला सिद्धांताचा आधार नाही.

निवृत्तीनंतरच्या मार्चमध्ये गेले होते, सहजच.
डाळ आता मशीन निवडतं. कॅमेरा आहे आत,
काळा दाणा दिसला की फुंकरीनं उडवतं,
दिवसरात्र. कदरत नाही.
बायका कुठं गेल्या, चौकीदाराला ठाऊक नाही.
तो मागच्या वर्षी लागला.

भिंतीवर रंगाचे दोन हात चढलेत.
खिळेही त्यातच रंगलेत,
एकावर ऑपरेटरचा शर्ट.

‘काय मोजायलाव मॅडम?’

नऊ.
दोन कुणी उपटून नेले असतील,
नाही तर माझंच चुकतंय.
थांब रे जरा,
पुन्हा पहिल्यापासून.