फॉल-पिको

आमच्या घरात गाणारं कुणी नाही,
असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो.
बाबांचा आवाज बेस्टच्या डेपोतच राहिला,
डिझेल आणि तंबाखूच्या थराखाली.
हेमंतने सातवीत पेटीचा क्लास लावला,
दोन महिन्यांची फी भरली, तिसऱ्या महिन्यात क्रिकेट.
मी तर टाळ्यासुद्धा चुकीच्या वेळी वाजवते.

आणि आई शिवायची.
टिळकनगरात, दुसऱ्या मजल्यावर,
गॅलरीतून उजेड येतो तेवढ्या तुकड्यात पायमशीन.
साड्यांना फॉल, उसवलेली दप्तरं,
मिसेस शेट्टींचे परकर,
चौथ्या मजल्यावरच्या बेंजो पार्टीचे
सोनेरी झालर लावलेले कोट,
गणपतीच्या आधी बारा, एका रात्रीत.

शिवताना तिच्यातून एक चाल यायची.
गायची असं नाही म्हणता येणार.
ओठांत टाचण्या धरल्या की
शब्द बाहेर कसे पडणार?
नुसता नाकातला सूर,
पॅडलबरोबर वर जाणारा, खाली येणारा.

त्याच्यावर मी पाढे पाठ केले.
सतराचा अजून त्याच चालीत येतो मला,
बँकेत, काउंटरमागे, हळू आवाजात.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, गुडघे.
हेमंतने कुर्ल्याहून मोटर आणली,
स्वतः बसवली, बोटाला चटका घेऊन.
आई म्हणाली, बरं झालं बाबा.
काम लवकर उरकायला लागलं,
आणि घरात राहिला एक सरळ, लांब घूंऽऽ.

काय गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.
आठवड्यात तीनदा भात करपला.
तेव्हा कळलं,
शिट्ट्या कधी मोजल्याच नव्हत्या आम्ही.
तिच्या चालीच्या चार फेऱ्या झाल्या
की जो जवळ असेल तो उठून गॅस बंद करायचा.

"आई, ते गाणं कुठलं गं?"
"कुठलं गाणं?"

मग मीच फोनपुढे गुणगुणले, दार लावून.
निळं वर्तुळ फिरलं, फिरलं.
आधी एक साबणाची जाहिरात सुचवली,
मग कुठल्याशा होडीच्या शर्यतीचं गाणं,
मग म्हणाला, काही सापडलं नाही.
चिपळूणच्या मावशीला फोन केला.
ती हसायलाच लागली.
"ती आणि गाणं? प्रार्थनेला तिला
मागच्या रांगेत उभं करायचे, नुसते ओठ हलव म्हणून."

मेमध्ये केबल जळली.
अख्खी इमारत अंधारात, शेट्टींकडे साखरपुडा सकाळी.
आईने मोटरचा पट्टा काढला,
जुना चामड्याचा चढवला,
मेणबत्ती सुईपासून हातभर लांब.
तन्मयीला म्हणाली, तू खाली बस, हाताने दाब.
माझी सात वर्षांची पोर मशीनखाली शिरली,
दोन्ही तळवे पॅडलवर.
चाक कुरकुरलं.
मी स्वयंपाकघरात होते.
हातातली पळी तशीच धरून
मी फेऱ्या मोजल्या. अकरा.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून तीच चाल,
बारीक, साबणाने घसरलेली,
एका ठिकाणी थेट पुढे धावलेली.
आई भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली,
"थांब. तिथे जरा थांबायचं."
"का?"
"तिथे दोरा तोडतात."

मोटर आहे तशीच आहे.
गुडघेही.
आई अजून म्हणते, तिला काही येत नाही.

रोज सव्वासातला तन्मयी जिना उतरते,
दप्तर कठड्याला घासत, गुणगुणत,
आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर उभी राहते,
काही कारण नसताना.
खाली व्हॅनवाला हॉर्नवर हॉर्न मारतो.
मी गॅलरीतून ओरडत नाही.
तिचा दोरा तोडून व्हायचा असतो.