विंग

बाबा नाटकात कधी दिसले नाहीत.
तीस वर्षं मंडईच्या रात्री विंगेत उकिडवे,
गुडघ्यावर वही, तोंडात बाराजणांची वाक्यं.
राजा अडला की राजाला, विधवा अडली की विधवेला
ते द्यायचे हळूच, श्वासाएवढ्या आवाजात,
घेणाऱ्यालाही वाटावं, आपलंच होतं.
टॉर्च धरायला दादा.
सात वर्षांचा, डुलक्या खाणारा.
उजेड वहीवरून घसरला की पाठीत धपाटा.

मोहबोडीत ख्रिस्ताची घरं चार, चौथं आमचं.
फादर कुरियाकोसनी एकाच सकाळी
उमाजीचा थॉमस केला, माझी रोझलीन,
माय मरियम झाली, दवाखान्यात झाडू मारतच राहिली.
बाबा बकाराम ते बकारामच.
कागदावर दुसरं काही असेल.

फादर पुस्तकातलं मराठी बोलायचे
आणि भात आमच्याहून जास्त खायचे.
साप चावलेल्यांना जीपमधून मूलला न्यायचे, रात्री-अपरात्री,
जात न विचारता, आणि निम्मे परत यायचे.
जीपमध्ये टॉर्च धरायला
दादा कधी बसू लागला, ते आम्हाला कळलं नाही.

तो गेला तेव्हा मोह पडत होता.
माय उठली नाही. म्हणाली,
"हात थांबवला त गुरं खातेत."
त्याची पत्र्याची पेटी पार रस्त्याला लागेस्तोवर
टोपलीत फुलं पडत राहिली,
एक, एक, मग मूठभर.

आमच्या गावाच्या तोंडात ळ नाही.
शाळेला आम्ही शारा म्हणतो, डोळ्यांना डोरे.
बल्लारशाहून गाडीत बसून दादा गेला
ते थेट ळ-च्या देशात.
पत्रात लिहायचा : इथे भाताचा दाणा जाड आहे,
भाजीला खोबरेल तेल,
आणि प्रार्थनेत एक फार जुनी भाषा आहे,
घरी कुणीच बोलत नाही अशी.
माय पत्र उलटं करून पाहायची,
मागे आणखी काही आहे का.

तिसऱ्या वर्षी आला तो न सांगता.
तेंदूचा हंगाम.
पंधरा दिवस आमच्याबरोबर पानं तोडली,
सत्तर-सत्तरचे पुडे बांधले, फडीवर मोजून दिले.
रात्री बोडीच्या पाळीवर एकटा बसायचा.
बाबांनी काही सुचवलं नाही,
सुचवणं हेच ज्यांचं काम.
सोळाव्या दिवशी खाटेवर नीट घडी घातलेली चादर.

पहिली कुर्बाना त्याने गावात केली.
मांडव नाटकवाल्याचाच,
झालरीवर जुन्या गुलालाचे डाग.
गोंडाची, कुणब्याची, बौद्धांची, सगळी माणसं आली;
निम्म्यांना वाटलं, प्रयोग आहे.
बाबा पहिल्या रांगेत, खुर्चीवर.
त्यांना खुर्चीत बसता येत नव्हतं.

"कन्दीशा आलाहा," दादाने सुरू केलं,
आणि उभ्या पंख्याने ग्रंथाची पानं भराभरा उलटली.
तो थांबला.
पुढचं येईना.
मी बाबांकडे पाहिलं. ओठ उघडलेले,
गळ्याची गाठ वर गेलेली,
हात मांडीवर वही शोधत होता.
तीस वर्षांत पहिल्यांदा
माणूस समोर अडलेला
आणि त्यांच्याकडे द्यायला शब्द नाही.

किती वेळ, सांगता येत नाही.
मागे एका पोराने शिट्टी मारली.
मग दादा गायला लागला, ग्रंथाकडे न पाहता,
आणि माय रडली, कारण रडायचं ठरवून आली होती.

घरी येताना बाबा पाळीवरून पुढे चालत होते.
मधेच थांबले.
"अडलेला नट आधी विंगेत पायते, रोझी.
हा बी पायला.
पन माह्या बाजूनं नाही."
बिडी पेटवली, विझली, पुन्हा पेटवली.
"तिकडं कोन बसला होता, तुले दिसला काय?"

मी नाही म्हणाले.
तिकडे दोरीवर मांडववाल्याचा गमछा वाळत होता.

दुसऱ्या दिवशी वडसा कंपनीचा प्रयोग.
बाबा वही घेऊन गेले.
टॉर्च धरायला मला नेलं.